कशावरून सर

सरांच्या शोकसभेत एक गृहस्थ माइक हातात घेऊन म्हणाले, "सर अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे होते." मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या तोंडून "कशावरून?" निघता निघता राहिलं. मनमिळाऊ म्हणे! ज्या माणसाला बघून देवपुरातले भाजीवाले गाडी पुढे ढकलायचे, ज्याच्याशी सख्खा मेहुणा बोलत नव्हता, ज्यानं मला समोर रडताना बघून पाणीसुद्धा विचारलं नाही, तो मनमिळाऊ? मग दुसरे उठले. ते म्हणाले, "सरांनी कधी कुणाला दुखवलं नाही." तेव्हा मात्र मी चपला घालून बाहेर आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, मला मान्य आहे. पण निदान त्याच माणसाबद्दल तरी बोला की!

जळगावला पॉलिटेक्निकमध्ये ते आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायचे. घर धुळ्याला देवपुरात, नोकरी जळगावात, त्यामुळे सोमवारी येताना चेहरा असा की एसटीनं यांचा काही अपराध केलाय. मुलांची नावं त्यांनी कधी पाठ केली नाहीत. गावावरून हाक मारायचे. "ए पाचोरा, उभा राहा." "ए चोपडा, खिडकी लाव." मी धरणगाव. एका वर्गात दोन धरणगाव झाली तेव्हा दुसऱ्याला त्यांनी सरळ "ए दुसरं धरणगाव" केलं. तो बिचारा पहिला आला परीक्षेत, तरी दुसराच राहिला.

आणि ते एक "कशावरून?" आपण काहीही म्हणा, समोरून तेच यायचं. सर, लाइट गेली. कशावरून? सर, तो आजारी आहे. कशावरून? एकदा पाचोरा म्हणाला, "सर, मला वाटतं की मेमरी खराब आहे." सर थंडपणे म्हणाले, "वाटतं हा शब्द लॅबच्या बाहेर चपलांजवळ ठेवून यायचा." पाठीमागे आम्ही त्यांना कशावरून सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. कशावरून, ते विचारू नका.

लॅबमध्ये एखादं मशीन बंद पडलं की सर ओरडायचे, "हात मागे!" सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून मशीनभोवती उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. बटण दाबायचं नाही, वायर हलवायची नाही, काही नाही. सरांचेही हात मागे. "आपल्या लोकांना बघता येत नाही," ते म्हणायचे, "लगेच हात घालतात. मग बिघाड आधीचा कुठला आणि यांनी केलेला कुठला, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही." बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, कॉम्प्युटर वारलाय आणि आम्ही अंत्यदर्शनाला आलोय.

भाजीवाल्यांचं म्हणाल, तर भरताचं वांगं घेताना त्यांनी एकाला विचारलं, "आजचं आहे कशावरून?" तो म्हणाला, सकाळीच तोडलंय. "ते कशावरून?" मग देठ बघ, दाबून बघ, उजेडात धर. शेवटी तो गाडीवाला भडकला. "लेनं व्हई ते ल्या भाऊ, नहीते वाट धरा!" हे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला सांगितलं. सांगताना हसत होत्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. त्या घरात भाजी कोण आणत असेल, तुम्हीच समजा.

मेहुण्याचं प्रकरण मात्र मला आवडतं. त्याच्या मुलीच्या लग्नात जेवणानंतर लोकांना उलट्या सुरू झाल्या. आचाऱ्याला मांडवामागे धरलं, बासुंदी नासली असणार म्हणून. मार पडणारच होता. सर मध्ये घुसले आणि एकेका आजाऱ्याला विचारत सुटले, काय खाल्लं, काय नाही खाल्लं. त्यात बासुंदीला शिवलेसुद्धा नव्हते असे कितीतरी निघाले. सरबत मात्र सगळ्यांनी प्यायलं होतं, आणि सरबतातला बर्फ आणला होता नवऱ्या मुलाच्या काकांनी. सरांनी ते भर मांडवात सांगितलं. आचारी सुटला आणि व्याही रुसले. मेहुणा म्हणाला, "तुम्हाला खरं बोलायला माझीच पोरगी सापडली का?" त्यानंतर त्या घरातून सरांना कधी आमंत्रण आलं नाही.

आता माझी गोष्ट. ही सांगताना माझं डोकं अजून तापतं, तेव्हा सांभाळून घ्या.

डिप्लोमा झाल्यावर मला धुळ्यात एका एक्स-रे सेंटरमध्ये नोकरी लागली. मालक स्वतः डॉक्टर. माणूस मनानं वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे, मी म्हणणार नाही. काम साधं होतं. सकाळची बाई रिपोर्ट टाइप करायची. दुपारी मी यायची. माझ्याकडे टायपिंग होतंच, शिवाय खेड्यापाड्यांतून आलेल्या पेशंटना एक्स-रे पेनड्राइव्हवर भरून द्यायचं काम होतं, पुढच्या डॉक्टरला दाखवायला. पगारावर घर चालत होतं. वडील नव्हते, आई धरणगावात लोकांचे कपडे शिवायची. आमच्या घरात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली, आणि आई ते अख्ख्या गल्लीला ऐकवायची.

काही महिन्यांत मशीन कोसळायला लागलं. रिपोर्ट प्रिंटला दिला की पडदा निळा, वर पांढरी अक्षरं, आणि सगळं बंद. चालू केलं की पुन्हा नीट. सकाळी कधी नाही, फक्त दुपारी. फक्त मी असताना.

मग आला बंटीभाऊ. बंटीभाऊ म्हणजे सेंटरचा सर्व्हिसवाला, गळ्यात दोरीनं पेनड्राइव्ह अडकवलेला. त्यानं बसायच्या आधीच सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागेल." आपल्याकडे कॉम्प्युटरला सर्दी होवो की कॅन्सर, औषध एकच. मारा फॉरमॅट! सगळं पुसायचं, नव्यानं भरायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. त्यानं मारला. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा निळा पडदा. पुन्हा फॉरमॅट. निळ्या पडद्यावर प्रिंटरच्या फाइलचं नाव येतं म्हणून डॉक्टरांनी प्रिंटरसुद्धा नवा आणला. तरी तेच! तेव्हा बंटीभाऊ माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाला, "मशीन ओके आहे साहेब. ऑपरेटर काहीतरी करते. घरचा पेनड्राइव्ह लावत असेल, गाणी-बिणी, व्हायरस."

झालं. डॉक्टरांना तेच हवं होतं. एका म्हातारीचा एक्स-रे त्या गोंधळात उडाला, तिला पुन्हा टेबलावर झोपवावं लागलं, तिचा मुलगा ओरडायला लागला. डॉक्टर बाहेर आले आणि भरलेल्या बाकांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही! हिच्या घरच्या पेनड्राइव्हमुळे होतंय हे. एवढं शिकून अक्कल नाही." आणि मग मला, "अजून एकदा बंद पडलं तर उद्यापासून यायचं नाही. आणि धुळ्यात दुसऱ्या कुठल्या सेंटरला कशी लागतेस तेही बघतो." सगळे बाक माझ्याकडे बघत होते. माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता हो! पेनड्राइव्ह लावणार कशाला, शिवणयंत्राला?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माय वं! तुना त्या सरले इचार ना." म्हणून मी देवपुरात गेले. सर तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते. मी सगळं सांगितलं, सांगता सांगता रडले. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी म्हणावं, पोरी, तुझी चूक नाही. बस्स, एक वाक्य. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू काही केलेलं नाहीस, हे कशावरून?"

"सर, मी सांगतेय ना!"

"सांगतो तर तो बंटीसुद्धा. डंप फाइल कुठे आहे?"

सिस्टीम कोसळते तेव्हा आपण कशानं मेलो ते एका फाइलमध्ये टाकून जाते, तिला डंप म्हणतात. सर वर्गात तिला मृत्युपूर्व जबानी म्हणायचे. मी म्हटलं, बंटीभाऊनं कालही फॉरमॅट मारला, त्यात गेली. तेव्हा सर असे काही ताडकन उठले की मला वाटलं मारतात. "जाळलं! आधी प्रेत जाळतात आणि मग पोस्टमॉर्टेम करतात, गाढव लेकाचे! आणि तू बघत बसलीस? हेच शिकवलं मी तुला, धरणगाव?" माझीच चूक काढली. मी उठले, काकू आतून पाणी घेऊन येत होत्या तेही घेतलं नाही, आणि पांझरेच्या पुलावरून चालत येताना या माणसाला मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. आईकडून शिकलेल्या होत्या, चांगल्या होत्या.

सोमवारी दुपारी सेंटरचं दार उघडलं आणि सर आत आले. माझ्याकडे ढुंकूनही न बघता काउंटरवर म्हणाले, "गुडघ्याचा एक्स-रे काढायचाय." रीतसर नंबर लावला, गुडघा दाखवला, एक्स-रे काढला. मग भरलेल्या बाकांसमोर खिशातून नवाकोरा पेनड्राइव्ह काढला, पाकिटासकट. बाकावरच्या एका आबांच्या हातात दिला. "आबा, हे पाकीट फाडा. कोणी उघडलेलं नाही ना? मोठ्यानं सांगा." आबा म्हणाले, "नही भो, बंद शे." मग सर मला म्हणाले, "आधी एक रिपोर्ट छाप. पेनड्राइव्ह न लावता." छापला. आला. "आता माझा गुडघा यात भर, पेनड्राइव्ह काढ, आणि पुन्हा छाप." भरला, काढला, छापायला दिला. निळा पडदा!

डॉक्टर आतून धावत आले. "बघितलं? पुन्हा हिच्याच हातून! घरून पेनड्राइव्हवर गाणी आणते!"

"बरोबर," सर म्हणाले. "आता तुमच्या हातून करू या. बसा." आणि खुर्ची पुढे ओढली. एवढ्या पेशंटसमोर डॉक्टरांना नाही म्हणता येईना. बसले बिचारे. मशीन चालू झालं. पेनड्राइव्ह लावला, भरला, काढला, छापायला दिलं. निळा पडदा. बाकावरून आबा खो खो हसले. "डाक्टरसाहेब, तुम्हीबी घरून गाणी आनी का?"

मला हसू आलं नाही. मला रडूही आलं नाही. मला नुसता राग आला होता, सगळ्यांचा, त्या हसणाऱ्या आबांचासुद्धा. परवा हेच बाक गप्प बसले होते.

डॉक्टरांनी बंटीभाऊला बोलावलं. तो गळ्यातला पेनड्राइव्ह चाचपत आला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारू?" सर एकदम गरजले, "हात मागे!" आणि काय सांगू, त्यानं खरंच हात मागे घेतले. डॉक्टरांनीही घेतले.

पुढचं थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरला प्रिंटरची भाषा येत नाही, स्कॅनरची येत नाही, म्हणून प्रत्येक यंत्रामागे एक दुभाष्या बसवावा लागतो. तो ड्रायव्हर. हे ड्रायव्हर पार आतल्या खोलीत बसतात, त्यातला एक बिघडला तर दुसऱ्याच्या जागेत घाण करून ठेवतो, आणि मग ज्याच्या जागेत घाण सापडते त्याचं नाव निळ्या पडद्यावर येतं. "मुडदा प्रिंटरच्या दारात आहे," सर म्हणाले, "म्हणून खून प्रिंटरनं केला? कशावरून?" सिस्टीममध्येच एक सोय असते, संशयित ड्रायव्हरांवर पहारा बसवायची. पहाऱ्यात असताना ड्रायव्हरनं जरा वाकडं पाऊल टाकलं की सिस्टीम तिथल्या तिथे कोसळते, आणि जबानीत खऱ्या चोराचं नाव येतं. सरांनी आधी अर्ध्या ड्रायव्हरांवर पहारा लावला. पेनड्राइव्ह लावला, काढला, काही नाही. मग उरलेल्या अर्ध्यांवर. पेनड्राइव्ह लावला, आणि काढता क्षणी पडदा निळा. प्रिंटपर्यंत जायची गरजच पडली नाही. सरांनी जबानीची फाइल उघडली आणि नाव वाचलं. मग शांतपणे डॉक्टरांना विचारलं, "तुमचं अंगठ्याचं हजेरी-मशीन कुठे आहे?"

"अंगठ्याचं? आमच्याकडे नाहीच."

"मग त्याचा ड्रायव्हर इथे काय करतोय?"

बंटीभाऊ म्हणाला, "तो मी टाकतो ना सर. सगळ्यांकडेच टाकतो. माझ्या पेनड्राइव्हमध्ये सगळे ड्रायव्हर आहेत, सगळे टाकून देतो. लागलं तर असावं."

लागलं तर असावं! ऐकलंत? जे मशीन सेंटरमध्ये नाही, त्याचा कुठलातरी जुनापुराणा ड्रायव्हर, पेनड्राइव्ह काढला की पिसाळणारा, हा माणूस प्रत्येक फॉरमॅटनंतर स्वतःच्या हातानं परत घालत होता. आणि म्हणे ऑपरेटर काहीतरी करते! सकाळची बाई पेनड्राइव्ह लावतच नव्हती म्हणून तिच्या वेळेला शांतता. सरांनी तो ड्रायव्हर काढला, पुन्हा सगळं करून दाखवलं. गुडघा भरला, पेनड्राइव्ह काढला, रिपोर्ट छापला. कागद सरळ बाहेर आला.

डॉक्टर म्हणाले, "चला, झालं काम. थँक यू सर."

"काम अर्धं झालं," सर म्हणाले. "हिच्यावर आळ तुम्ही या बाकांसमोर घेतलात. आता 'हिची चूक नव्हती' एवढं वाक्य या बाकांसमोरच बोला."

"जाऊ द्या ना. आता स्टाफची माफी मागू का मी?"

"माफी कोण मागतंय? खरं तेवढं बोला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. केबिनमध्ये गेले, दार लावलं. सर तिथेच हात मागे बांधून त्या बंद दाराकडे बघत उभे राहिले. मग गुडघ्याचा एक्स-रे घेतला आणि लंगडत निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत.

महिना संपला तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बाहेरचा माणूस आणून तमाशा केलास म्हणून. चूक केली असती तर एकवेळ ठेवलं असतं. चूक नव्हती हे सिद्ध झालं, ते त्यांना झेपलं नाही. आणि मी गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? बंटीभाऊला बोलावून फॉरमॅट मारून घेतला. सगळं एकदा स्वच्छ असावं म्हणून!

मी जळगावात एका दुकानात दुरुस्तीला लागले. काही महिन्यांनी कामानं धुळ्याला आले होते, परतताना सेंटरमध्ये झाडू मारणाऱ्या अक्का बसस्टँडवर भेटल्या. म्हणाल्या, तुझ्या जागी नवीन पोरगी आलीय, तिच्या हातूनही मशीन बंद पडतं, काल डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं, बाथरूममध्ये जाऊन रडत होती. मी जळगावची गाडी सोडून दिली आणि तशीच सेंटरला गेले. बाक भरलेले होते. ती पोरगी कोण, कुठली, मला काही माहीत नव्हतं. काउंटरसमोर उभी राहून मी खणखणीत आवाजात म्हटलं, "हिची चूक नाही! या मशीनमध्ये यांच्या माणसानं खराब ड्रायव्हर घातलाय, माझ्यावरही याच खुर्चीत आळ घेतला होता. सगळ्यांनी ऐका!" डॉक्टर बाहेर येईपर्यंत मी पोरीला उठवून ड्रायव्हर शोधून काढून टाकला होता, आणि त्याचं नाव तिच्या तळहातावर पेनानं लिहून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "पोलिसांना बोलावू?" मी म्हटलं, "बोलवा. बाकांवर साक्षीदार भरपूर आहेत." नाही बोलावलं. पोरगी टिकली तिथे, पुढे तिनंच मला फोन करून सांगितलं.

तिथून मी पाय आपटत देवपुरात गेले. सर ओट्यावर चहा पीत बसले होते. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ड्रायव्हर सापडायच्या आधी ओरडलीस की नंतर?"

"आधी."

"मग तिची चूक नाही, हे कशावरून?"

"माझ्यावरून!" मी ओरडले. "तिच्या जागी मी बसले होते सर, माझ्यावरून! प्रत्येक वेळी फाइल लागते का माणसावर विश्वास ठेवायला?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या सोमवारी मी पेनड्राइव्ह विकत घेऊन आलो, तेव्हा माझ्याकडे कुठली फाइल होती?"

मला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा राग उलट दुप्पट झाला. "म्हणजे तुमचा विश्वास होता? मग आदल्या दिवशी मी इथे रडत होते तेव्हा तोंडानं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तेव्हा पुरावा नव्हता ना," सर म्हणाले, आणि आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून ती माझ्यापुढे सरकवली.